रुग्णालय ते कारखाना : माहितीची वाट आणि तिची वेस

(संस्थेच्या वार्षिक सभेत पुनर्वसन विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत आमच्या विभागाकडून उपचार घेतलेल्या रुग्णांचा, झालेल्या शिबिरांचा आणि आपल्या देणगीतून आलेल्या उपकरणांचा वृत्तान्त सादर होतो. तो या अहवालात अन्यत्र दिलेला आहे. आज आम्ही एका कागदाविषयी बोलण्याची अनुमती घेत आहोत. रुग्ण बरा होऊन कामावर परत निघतो, तेव्हा त्याच्या आजाराची काही माहिती त्याच्यासोबत, आणि आजकाल मोबाईलमधून त्याच्याही आधी, कामाच्या ठिकाणी पोहोचते. ही माहिती कोणती असावी, कोणाकडे जावी आणि कोणाच्या परवानगीने जावी, हा आमचा विषय आहे. विषय वरवर कोरडा वाटेल. परंतु त्यावर घरातील चूल पेटते किंवा विझते, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

आपल्या खानदेशातील बहुसंख्य माणूस पाठीच्या, खांद्याच्या आणि हाताच्या बळावर जगतो. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील चटईचे व पाइपांचे कारखाने आणि डाळमिली, दोन्ही जिल्ह्यांत विखुरलेल्या जिनिंग-प्रेसिंग, धुळ्याजवळील अवधान आणि पुढे नरडाणा येथील वसाहती, भुसावळचे रेल्वेचे कामकाज, भुसावळ व वरणगावच्या आयुध निर्माणी, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र, रावेर-यावलच्या मळ्यांतून केळीचे घड वाहणारे मजूर, ही सर्व मंडळी आमच्या विभागाच्या बाकावर बसलेली असतात. त्यांना विचारा, बरे होणे म्हणजे काय? उत्तर एकच येते : कामावर जाता येणे.

दोन चुका

प्रथम आमच्या हातून घडलेल्या दोन चुका सांगतो. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पहिली चूक माहिती न दिल्याची. डाळमिलीत पोती उचलणारे एक गृहस्थ कंबरेच्या मणक्यातील चकती सरकल्यामुळे आमच्याकडे आले. कळ थेट टाचेपर्यंत जात होती. दीड महिन्याच्या व्यायामानंतर त्यांना ताठ चालता येऊ लागले. मिलमध्ये ‘फिटनेस’ मागितला गेला आणि रुग्णालयातून ‘कामावर रुजू होण्यास योग्य’ अशी एक ओळ लिहून देण्यात आली. त्या ओळीत असत्य काही नव्हते; परंतु पहिले काही आठवडे जमिनीवरून वाकून वजन उचलू नये, उचललेच तर कमरेतून वळू नये, भार हळूहळू वाढवावा, हे जे आमच्या थेरपिस्टला पक्के ठाऊक होते, त्यातील एक अक्षरही त्या ओळीत नव्हते. मुकादमाने पहिल्याच दिवशी त्यांना पूर्वीच्या जागी उभे केले. यात मुकादमाचा दोष नाही. त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते. दहाव्या दिवशी ते गृहस्थ दोघांच्या आधाराने आमच्या दारात परत आले.

दुसरी चूक माहिती अधिक दिल्याची. एका कारखान्यातील तरुण कामगाराचा खांदा निखळला होता. माणूस कधी येणार, अशी विचारणा कारखान्याच्या कार्यालयातून दूरध्वनीवर झाली. आमच्या एका सहकाऱ्याने सद्हेतूनेच केसपेपरचे छायाचित्र काढून व्हॉट्सअॅपवर पाठवून दिले. त्याच पानावर खांद्याच्या नोंदीच्या वर, दोन वर्षांपूर्वी त्या मुलाने नैराश्यासाठी घेतलेल्या औषधांची नोंद होती. छायाचित्र कार्यालयातून सुपरवायझरकडे, तिथून ठेकेदाराकडे गेले. पुढील महिन्यापासून ठेकेदाराने त्याला बोलावणे बंद केले. कारण कोणीही सांगितले नाही. त्याची आई आम्हाला एवढेच म्हणाली, “खांदा तुम्ही बरा केला, पण पोराला लोकांनी वेडा ठरवलं.” त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

या दोन प्रसंगांत वरवर पाहता विरोध आहे. एकात माहिती पोहोचली नाही म्हणून शरीराची हानी झाली, दुसऱ्यात पोहोचली म्हणून भाकरी गेली. परंतु विचार केला तेव्हा दोन्हींचे मूळ एकच असल्याचे ध्यानात आले. कामाच्या ठिकाणी नेमके काय कळायला हवे, हा प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

आजार कोणता, की काम कोणते?

कारखान्याला माणसाचा आजार कळण्याची गरज बहुधा नसते. तो कोणते काम करू शकतो, कोणते करू शकत नाही, किती काळ करू शकत नाही आणि कोणती सोय केली तर करू शकेल, एवढे कळले की पुरते. डाळमिलीच्या मुकादमाला चकती म्हणजे काय हे समजण्याचे कारण नव्हते. जमिनीवरून पोते उचलायला लावू नका, कमरेच्या उंचीवरील मापाचे काम द्या, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासू, एवढे समजले असते तर ते गृहस्थ वाचले असते. आणि त्या तरुणाच्या बाबतीत, उजवा हात खांद्याच्या वर नेण्याचे काम तीन महिने नको, या एका वाक्यापलीकडे कारखान्याशी कशाचाही संबंध नव्हता.

ही कल्पना आमच्या पदरची नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८५ साली व्यावसायिक आरोग्यसेवांविषयी जी शिफारस स्वीकारली, तिचे तात्पर्य हेच आहे की मालकाला कामगाराच्या पात्रतेविषयी सांगावे, वैद्यकीय तपशील सांगू नयेत. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१० मध्ये आजारपणाच्या जुन्या दाखल्याऐवजी नवा दाखला आला. त्यात ‘काम करण्यास अयोग्य’ याच्या जोडीला ‘पुढील सोयी केल्यास कदाचित योग्य’ असा पर्याय ठेवून, टप्प्याटप्प्याने परतणे, कामाच्या वेळा बदलणे, कामाचे स्वरूप बदलणे आणि जागेत फेरफार करणे, अशा चार सूचनांची सोय करण्यात आली. जुलै २०२२ पासून तेथे डॉक्टरांखेरीज परिचारिका, औषधनिर्माते, फिजिओथेरपिस्ट व ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांनाही हा दाखला देता येतो. म्हणजे रुग्णाच्या हालचाली ज्याने आठवडेच्या आठवडे पाहिल्या, त्याचा शब्द कामाच्या ठिकाणी पोहोचू लागला.

पण एवढ्या दूर जाण्याचीही गरज नाही. भुसावळकरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. रेल्वेत प्रत्येक पदासाठी वैद्यकीय वर्ग ठरलेला असतो. इंजिनचालकाला ‘ए-वन’ लागतो, कारकुनी काम करणाऱ्याला ‘सी’ पुरतो. चालकाची दृष्टी किंवा प्रकृती त्या वर्गाला उतरत नाही असे ठरले, की खात्यापुढे मुख्य प्रश्न त्याच्या वर्गाचा आणि पर्यायी कामाचा असतो. भुसावळच्या अनेक घरांत ‘डिकॅटेगराइज’ हा शब्द चहाच्या कपाबरोबर बोलला जातो. या पद्धतीला कायद्याचेही पाठबळ आहे. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या आणि त्यानंतरच्या २०१६ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांना बजावले आहे की सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकता येणार नाही की त्याचा दर्जा कमी करता येणार नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे.

ठेकेदाराच्या हाताखालील चटई कारखान्यातल्या मजुराला हे कवच नाही. म्हणून त्याच्याविषयीची माहिती पाठवताना आमची जबाबदारी रेल्वेच्या डॉक्टरांपेक्षा अधिक आहे, असे आम्ही मानतो.

कायद्याने काय सांगितले आहे

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गुप्तता म्हणजे सर्व काही झाकून ठेवणे नव्हे. कापसाच्या बारीक धुळीने होणारा बिसिनोसिस, दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस, शिशाची विषबाधा अशा कामजन्य रोगांची यादी १९४८ च्या कारखाने अधिनियमाला जोडलेली होती आणि असा रोगी आढळल्यास डॉक्टरने मुख्य निरीक्षकाला कळवणे बंधनकारक होते. त्या अधिनियमाची जागा घेणारी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून तिच्यातही हे कर्तव्य कायम आहे. ही माहिती शासनाच्या निरीक्षकाकडे जाते, कारण एकाला झालेला रोग शेजारच्या यंत्रावरील दहा जणांनाही होऊ शकतो. येथे मौन बाळगणे हाच अपराध ठरतो.

याच्याशी निगडित दुसरी बाजूही आहे. माहितीची वाट एकेरी असून चालत नाही. जिनिंगमध्ये काम करणारा माणूस छाती भरून येते म्हणून आमच्याकडे येतो. श्वसनाचे व्यायाम आम्ही शिकवतो. पण हा त्रास साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी वाढतो आणि आठवडा सरता सरता ओसरतो का, हे कामाचा दिनक्रम कळल्याखेरीज समजत नाही. आणि बिसिनोसिसची प्रारंभीची खूण नेमकी तीच असते. माणूस कोणत्या खात्यात उभा राहतो, धूळ किती, वजन किती, किती उंचीवरून उचलतो, पाळी किती तासांची, ही माहिती कारखान्याच्या आरोग्य विभागाने आम्हाला द्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे. हे कामाचे वर्णन आहे. त्यात कोणाचे गुपित नाही.

बाकी सर्व माहितीचा धनी रुग्ण. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यास त्याच्या नोंदी ७२ तासांच्या आत त्याला द्याव्या लागतात. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेतील कामगारांना स्वतःच्या आरोग्यनोंदी पाहण्याचा हक्क मिळाला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर मानसिक आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क संगणकात वा अन्य कोणत्याही डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही लागू केला आहे. त्या तरुणाच्या बाबतीत आमच्याकडून या हक्काचा भंग झाला, हे कबूल करण्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही.

डिजिटल युगातील नवे प्रश्न

२७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर सुरू झाले. त्यातील ‘आभा’ हा चौदा अंकी क्रमांक आता आपल्यापैकी अनेकांकडे आहे. या व्यवस्थेत नोंदी जेथे तयार झाल्या तेथेच राहतात. दुसऱ्या उपचारकर्त्याला त्या पाहावयाच्या असतील तर रुग्णाच्या मोबाईलवर विनंती येते. कोणत्या नोंदी, कोणत्या कामासाठी आणि किती काळ, हे त्यात लिहिलेले असते. रुग्ण ती मान्य करू शकतो, नाकारू शकतो आणि दिलेली संमती मागेही घेऊ शकतो. रचना उत्तम आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही संमती मोकळ्या मनाने, विशिष्ट कामापुरती, समजून-उमजून आणि विनाअट दिलेली असावी, असे सांगितले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. त्याच कायद्यात मालकाला नोकरीच्या प्रयोजनासाठी काही प्रसंगी संमतीवाचूनही माहिती वापरण्याची मोकळीक आहे. म्हणून कारखान्याकडे काय जाते, हे आमच्या दारातच ठरले पाहिजे.

आता आमचा अनुभव ऐका. संमतीचा संदेश ज्या मोबाईलवर येतो तो पुष्कळदा रुग्णाचा नसतो. मुलाचा असतो, शेजाऱ्याचा असतो, क्वचित ठेकेदाराच्या माणसाचाही असतो. गेटवर उभे राहून ‘आलेला नंबर सांग’ असे म्हटल्यावर मजूर तो सांगून टाकतो. ती संमती कायद्याच्या भाषेत कितीही पक्की दिसली तरी मोकळी नाही. जो नकार दिल्यास रोजी बुडण्याची भीती आहे, तो नकार देण्याचे स्वातंत्र्य कागदापुरतेच उरते.

धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाने १९२७ साली स्थापन झालेले संशोधन मंडळ आहे. जुने कागद जपण्याचे मोल धुळेकरांना सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु दप्तराचा कागद शेकडो वर्षांनी वाचला जातो, आणि रुग्णाचा कागद तो जिवंत असताना, त्याच्या गावात आणि त्याचा पगार ठरवणाऱ्यांकडून वाचला जातो. म्हणून येथे जपण्याइतकेच महत्त्व किल्ली कोणाकडे आहे याला आहे.

विभागाने केलेले बदल

त्या दुसऱ्या प्रसंगानंतर विभागाने आपली पद्धत बदलली. कामावर परतणाऱ्या रुग्णासाठी आता एक पानाचा ‘कामाचा अहवाल’ तयार होतो. वैद्यकांच्या फिटनेसच्या दाखल्याला तो जोडला जातो. त्यात रोगाचे नाव नसते. काय करता येईल, काय टाळावे, कोणती सोय हवी आणि पुन्हा तपासणी कधी, एवढ्याच चार नोंदी असतात. तपासणीच्या तारखेनंतर तो अहवाल आपोआप रद्द समजला जातो, कारण तात्पुरती मर्यादा कायमचा शिक्का होऊ नये.

अहवाल पाठवण्यापूर्वी तो रुग्णासमोर मोठ्याने वाचला जातो. अहिराणी बोलणाऱ्याला अहिराणीत, लेवा बोलीत बोलणाऱ्याला त्या बोलीत. “यातलं एखादं वाक्य काढावं असं वाटतं का?” हे विचारल्याखेरीज स्वाक्षरी घेतली जात नाही. एका भगिनीने एकदा एक ओळ काढून टाकायला सांगितली. तपासले तेव्हा त्या ओळीवाचून काहीच अडत नव्हते. तेव्हापासून आम्ही आणखी कमी लिहू लागलो.

समुपदेशकांच्या नोंदी संगणकात वेगळ्या कप्प्यात ठेवल्या असून त्या फिजिओथेरपीच्या टेबलावरून उघडत नाहीत. कोणती नोंद कोणी, कधी उघडली, याची आपोआप नोंद होते. केसपेपरचे छायाचित्र काढून पाठवण्यास पूर्ण बंदी आहे, मग विचारणारा कितीही मोठा असो.

अहवाल केवळ कारखान्याचे वैद्यकीय अधिकारी किंवा परिचारिका यांच्याकडे जातो, कार्यालयाकडे नाही. येथे मोठी अडचण आहे. रुग्णवाहिका-कक्षाची सक्ती पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनाच आहे. आपल्याकडील बहुतेक डाळमिली आणि चटईचे कारखाने याहून पुष्कळ लहान. तेथे आमचा कागद वाचणारा आरोग्य व्यवसायीच नसतो. अशा वेळी आम्ही छापील प्रत रुग्णाच्याच हाती देतो. दाखवायची की नाही, आणि कोणाला, हे तो ठरवतो. मुकादमाशी बोलताना सोबत कोणी हवे असेल आणि रुग्णाने तसे सांगितले, तर आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट स्वतः जातात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० साली या शास्त्राची शाळा सुरू केली. माणूस आणि त्याचे काम यांची पुन्हा गाठ घालणे हेच या शास्त्राचे प्रयोजन आहे. मापाचा ओटा वीतभर उंच केल्याने जे साधते, ते शंभर पानी अहवालाने साधत नाही, हे त्यांनी आम्हाला अनेकदा दाखवून दिले आहे.

आपल्याकडून अपेक्षा

देणगीदारांस विनंती, की संगणकासाठी आपण सढळ हाताने दिलेत, त्याबद्दल विभाग ऋणी आहे. यंदा मात्र कारखान्यांना भेटी देण्यासाठी लागणारा प्रवासखर्च आणि आणखी एका थेरपिस्टचे वेतन यांचा विचार व्हावा. यंत्र निरोप पोहोचवते; तो समजावून सांगायला माणूस लागतो.

विश्वस्तांस विनंती, की नोंदी कोणी उघडल्या याचा तपशील दर तिमाहीस आपल्यासमोर ठेवण्याचा पायंडा पाडावा. आमच्यावर आपले लक्ष असावे, असे आम्हालाच वाटते.

रुग्णांच्या नातेवाईकांस विनंती, की रजा मागण्यासाठी फाईलच्या पानांची छायाचित्रे पाठवू नका. आमच्याकडे या, एक पानाचा अहवाल मागा. मोबाईलवर आलेला आकडा कोणालाही सांगण्यापूर्वी तो कशासाठी आहे, हे विचारा. विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

डाळमिलीतील ते गृहस्थ आज त्याच मिलमध्ये काट्यावर मापाचे काम करतात. दुसऱ्या खेपेस आम्ही चार ओळी लिहिल्या आणि मालकांनी त्या वाचल्या, एवढेच घडले. तो तरुण मात्र परत आमच्याकडे आला नाही. आमची नवी पद्धत त्याच्यावरील अन्यायातून जन्माला आली, हे या सभेत नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो.